पायाळूची आई

ही गोष्ट न ऐकताच माझे यजमान गेले. सासूबाई गेल्या. जिला ती माहीत होती ती माझी आई, तीही ती पोटात ठेवूनच गेली. उरले मी एकटी — आणि आता तुम्ही. तुम्हालाच का सांगायचं? कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि उद्या उठून तुम्ही माझ्या मुलीला सांगायला गेलात, तरी ती तुम्हाला खोटं ठरवील, मला नाही. साठीला आली, पण आईचा शब्द तिला अजून पुरतो.

एक आधीच सांगून ठेवते. मी रडायला बसलेली नाही. माझ्या वयाच्या बायका जुनं काही सांगायला लागल्या की डोळ्यांना पदर लावतात, आणि ऐकणारा म्हणतो, जाऊ द्या हो, त्या काळी असंच होतं. मला ते नको. त्या काळी असंच नव्हतं. त्या काळीही लोक खरं बोलत होते. मी बोलले नाही.

तर — पायाळू. जे मूल जन्मताना डोक्याकडून न येता पायांकडून येतं, त्याला आपल्यात पायाळू म्हणतात. कुणाच्या पाठीत, कमरेत उसण भरली की पायाळूला शोधतात, त्याचा पाय तीनदा पाठीला लावून घेतात, आणि उसण उतरते. निदान उतरते असं म्हणतात. आमच्या जबलपूरचे हिंदी लोकही हे मानतात. ते 'उल्टा पैदा हुआ' म्हणतात, आणि उसणीला चिलक म्हणतात, एवढाच फरक.

माझी कुंदा पायाळू म्हणून प्रसिद्ध आहे. यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, तिथल्या क्वार्टरांत तशी होती, आता दीक्षितपुऱ्यातही आहे. आणि माझी कुंदा पायाळू नाही.

झालं, एक बाहेर पडलं. पण एवढ्यावर मला सोडू नका. हे लहान खोटं आहे, आणि याची मला लाज नाही. मोठं याच्या आड बसलेलं आहे. तिथपर्यंत जायला मला जरा वेळ लागेल.

कुंदा झाली शहपुऱ्याला, माझ्या माहेरी. वडील तिथे शाळामास्तर होते. दाई वेळेवर पोचलीच नाही, सगळं आईनंच केलं, आणि पोर आईच्या हातांवर आली — डोक्याकडून, जशी यायची तशी. त्याच्या दोन वर्षं आधी मला मुलगा झाला होता, मेलेलाच. त्यामुळे या खेपेला मुलगा होणार हे सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. मी तीन महिन्यांची मुलगी घेऊन जबलपूरला परत आले. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, रीत म्हणून, आणि आत निघून गेल्या.

त्या वाईट वागल्या नाहीत. पोरीला दूध कमी पडू दिलं नाही, मला टोमणे मारले नाहीत. फक्त तिला उचललं नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात आम्ही चौघं, आणि तरी वर्ष होत आलं तोवर आजीनं नात मांडीवर घेतली नव्हती. पोर रांगत जाऊन त्यांच्या लुगड्याचा काठ धरायची. त्या काठ सोडवून घ्यायच्या, रागानं नाही, मांजर बाजूला करावं तशा. पोर पुन्हा जायची. तुम्ही हे रोज बघितलं असतंत का? मी बघितलं. आमचे हे कारखान्यातून येत, जेवत, झोपत. त्यांना यातलं काही दिसत नसे, किंवा दिसून न दिसल्यासारखं करणं त्यांना जमत असे.

एके दिवशी सकाळी पाण्याची बादली उचलताना सासूबाईंना उसण भरली. वाकल्या त्या वाकल्याच. आम्ही कसंबसं त्यांना पडवीत पालथं निजवलं. शेजारच्या क्वार्टरात रामदीन भैया राहायचा, कारखान्यात पेट्या चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होता. त्याची बायको धावत आली आणि म्हणाली, "कोई उल्टा पैदा हुआ बच्चा ढूँढो, भौजी." कुंदा उंबऱ्यात बसून अंगठा चोखत होती. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं — "आपली कुंदा आहे ना, पायाळू."

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठे काही विचारलं तिच्याबद्दल?" मी म्हटलं.

मी पोरीला उचललं आणि तिचा इवलासा पाय तीनदा त्यांच्या कमरेला लावला. अर्ध्या तासानं त्या उठून बसल्या. कशा, ते मला विचारू नका. उसण आपोआपही उतरते, आणि उतरेल असं मनानं घेतलं तर लवकर उतरते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि कुंदाला घेतलं. तिचे तळपाय कपाळाला लावले. त्या रात्रीपासून कुंदा आजीच्या कुशीत झोपायला लागली.

मला पश्चात्ताप आहे का? नाही. उद्या पुन्हा तोच दिवस आला, तर पुन्हा तेच बोलेन. एका वाक्यात माझ्या मुलीला आजी मिळाली. खरं बोलून काय मिळत होतं?

खोट्याचं एक असतं, ते एकटं राहत नाही. पायाळू माणसावर वीज पडते असं सासूबाईंनी कुठे ऐकलेलं होतं. ढग वाजले की त्या कुंदाला आतल्या खोलीत कांबळ्यावर बसवायच्या आणि दार लावून घ्यायच्या. क्वार्टरांच्या लाइनीतली पोरं अंगणात भिजत असायची आणि माझी कांबळ्यावर बसून असायची. आजही आभाळ गडगडलं की ती खिडकीपासून लांब जाऊन बसते. पोरांना शिकवताना विजेचा धडा तिनं कितीतरी वेळा शिकवला असेल. तरी बसते.

मग लढाई आली. एकाहत्तरची. लढाई म्हणाल तर दोन आठवड्यांत आटोपली, पण कारखान्याची लढाई तिच्या आधी कितीतरी महिने सुरू झाली आणि नंतरही लवकर थांबली नाही. बारा-बारा तासांची पाळी. भोंगा वाजला की माणसं आत, भोंगा वाजला की दुसरी माणसं आत. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, रात्री दिवा नाही, बिडीसुद्धा आडोशाला ओढायची. आणि दिवसभर पेट्या. भरलेल्या पेट्या उचलून उचलून त्या सगळ्या लाइनीत एकाची कंबर धड राहिली नव्हती.

रामदीन भैया पहिला आला. सतरंजीवर पालथा पडला, आणि पाच वर्षांच्या कुंदानं त्याच्या पाठीला पाय लावला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोघांना आणलं. मग रोज संध्याकाळी पडवीत माणसं दिसायला लागली. तीनदा पाय लावणं मागेच पडलं. 'बिटिया, ज़रा चढ़ के चल दे' असं म्हणायचे, आणि कुंदा भिंतीला हात टेकून त्यांच्या पाठीवरून चालायची, खांद्यापासून कमरेपर्यंत आणि परत. त्यांना खरंच बरं वाटत असणार. दहा-बारा पाठी व्हायच्या एकेका संध्याकाळी. आम्ही कुणाकडून काही घेतलं नाही. कुणी मूठभर शिंगाडे ठेवून जाई, कुणी नुसतं डोक्यावर हात ठेवून जाई. सासूबाई दारात पाट टाकून बसायच्या आणि कुणाचा नंबर आहे ते बघायच्या. यांना कारखान्यात 'बिटिया के बाबूजी' म्हणायला लागले. आणि मी — मला नळावर बायका आधी पाणी भरू द्यायच्या. पायाळूची आई म्हणून. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू आता?

दिवाळीच्या आसपास कुंदाचे पाय रात्री दुखायला लागले.

लहान मुलांचे दुखतात. तुमच्याही घरात दुखले असतील. दिवसभर पोर हुंदडतं आणि रात्री पोटऱ्या धरून रडत उठतं, सकाळी पुन्हा पळायला मोकळं. वाढीचं दुखणं म्हणतात, आणि बहुतेक वेळा तेवढंच असतं. मीही तेच म्हटलं. अंधारात चाचपडत उठायचं, सिगडीच्या उबेवर ठेवलेली तेलाची वाटी शोधायची, आणि चोळत बसायचं. दिवा लावायची सोय नाही. शेजारच्या खोलीत यांना चार तासांची झोप, पहाटे भोंगा. कुंदा मोठ्यानं रडली की भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज यायचा — सगळ्या लाइनीला चार तासांचीच झोप होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवायची. हळूच ठेवायची, पण ठेवायची.

मला कळत होतं का, की संध्याकाळी दहा पाठी तुडवणाऱ्या पोरीचे पाय रात्री का दुखतात? कळत होतं. एवढी मी मूर्ख नव्हते. थांबवता आलं असतं का? आलं असतं. पण थांबवायचं म्हणजे काहीतरी कारण सांगायचं, आणि कुठलंही कारण सासूबाईंना पटणार नव्हतं. दुसऱ्यांचा आजार बरा करणाऱ्याला थोडा त्रास होणारच, असं त्या म्हणाल्या असत्या. एकच कारण त्यांना पटलं असतं, आणि ते मी देणार नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता ती रात्र.

थंडी खूप होती. मी चोळत होते, आणि कुंदानं रडता रडता विचारलं, "आई, त्या काकांचं दुखणं माझ्या पायात येतं का?"

कुठून आलं तिच्या मनात हे? आजीनं काही म्हटलं असेल, नाहीतर तिचं तिनंच जुळवलं असेल. संध्याकाळी माणसं वाकडी येतात, सरळ होऊन जातात, आणि रात्री आपण दुखतो. पाच वर्षांच्या पोरीचा हिशेब चुकीचा म्हणता येईल का? मी 'नाही' म्हणू शकत होते. नाही बाळा, तू दमतेस, उद्यापासून बंद. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "हो."

आणि तेवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, त्यांचं दुखणं तुझ्या पायात येतं, रात्रभर राहतं, आणि सकाळी तू जमिनीवर पाय टेकलास की जमिनीत उतरून जातं. म्हणून काका दुसऱ्या दिवशी पेट्या उचलतात, आणि त्या पेट्या सैनिकांकडे जातात. तू रडलीस तर दुखणं उलटं त्यांच्याकडे जाईल.

हे शेवटचं वाक्य माझं आहे. ते सासूबाईंचं नाही, रीतीचं नाही, कुठल्या समजुतीतलं नाही. ते मी त्या अंधारात बसून बनवलं. मला झोप हवी होती. तुम्हाला वाटेल, मी तिला धीर दिला. नाही. मी तिला गप्प केलं.

ती गप्प झाली. त्या रात्री, आणि पुढच्या सगळ्या रात्री. सकाळी उठली की दोन्ही पाय घट्ट जमिनीवर टेकवून उभी राहायची, दुखणं उतरेपर्यंत. आजीला सांगायची, "उतरलं." सासूबाई कौतुकानं कानशिलांवर बोटं मोडायच्या. आणि मी? मी गाढ झोपले. कित्येक आठवड्यांनी सलग झोपले, आणि मला छान वाटलं.

मग रजईचं टोक. एक दिवस रजया उन्हात टाकताना कुंदाच्या रजईचं टोक हाताला लागलं, ओलं आणि कुरतडलेलं. कापूस बाहेर आलेला. उंदीर म्हणावं तर ओलं कशाला असेल? पोर रात्री ते दातांत धरत होती. मला समजायला एक क्षणही लागला नाही. मी काय केलं विचारा. मी घरात गेले, जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, आणि ते टोक शिवून टाकलं. दुहेरी कापड लावलं, लवकर फाटू नये म्हणून.

संक्रांतीला आई आली, तिळगुळाचा डबा घेऊन. लढाई संपली होती, पण पडवीतली सतरंजी तशीच होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. आई अंगणात पाय धुवत होती तेव्हाच मला वाटलं, हिला परत पाठवावं. संध्याकाळी माणसं जमली. आईनं पाहिलं. मग स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन पोळी लाटायला बसली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काहून खोटं बोलून राहिली तू? डोक्याकडून झाली पोर. माझ्या हातावर झाली."

मी म्हटलं, "तू बोलू नको."

"नाही बोलत. पण ती उजवा पाय बरोबर टाकून नाही राहिली. दाखव कोणाला तरी."

मी ते पाहिलेलं होतं. दोन्ही पाय दुखत होते ते आता एकच दुखत होता, उजवा, आणि तोही सकाळी उतरत नव्हता. दहा वाजेपर्यंत पोर जरा लचकत चालायची. आईनं सांगितलं म्हणून मला कळलं असं नाही. आईनं सांगितलं म्हणून मला राग आला. आई पाच दिवस राहणार होती. तिसऱ्या दिवशी मी तिला शहपुऱ्याच्या बसमध्ये बसवलं. म्हटलं, बाबा एकटे आहेत. बसमधून तिनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी तो काढून घेतला. तिनं अखेरपर्यंत कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईचं हे मोठेपण होतं का? मला नाही वाटत. ती सांगती, तर कदाचित बरं झालं असतं. पण ते तिच्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात कुंदा रामदीन भैयाच्या पाठीवरून चालत होती. मधेच तिचा उजवा पाय धरेना, आणि ती कोसळली. ओरडली नाही. तोंड पांढरं पडलं आणि मुठी आवळल्या. रामदीन भैया उठला, तिला खांद्यावर घेतलं आणि रिक्षा शोधायला धावला, त्याच दुखऱ्या कमरेनं. ओमतीजवळ एक डॉक्टर होते, हाडांचं बघणारे. त्यांनी पाय हलवून पाहिला, फोटो काढला, आणि तो उजेडाला धरून पाहिला. मग मला विचारलं, "कब से दर्द है इसे?"

पहा, इथे अजून एक दार उघडं होतं. सासूबाई बरोबर नव्हत्या. हे पाळीवर होते. रामदीन भैया बाहेर बसलेला. आत मी, डॉक्टर आणि कुंदा.

मी म्हटलं, "पता नहीं, डॉक्टर साहब. इसने कभी बताया ही नहीं."

डॉक्टरांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदानं माझ्याकडे पाहिलं. तेलाची वाटी तिला माहीत होती, तोंडावरचा हात माहीत होता, मी सांगितलेलं माहीत होतं. सहावं लागलेलं पोर. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हमने नहीं बताया."

हे ते मोठं. मी खोटं बोलले ते एक वेळ सोडा. माझी पोर माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी ते घेतलं.

खुब्याच्या सांध्याला क्षय झाला होता. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पाठी तुडवून क्षय होत नाही, हे त्यांना न विचारताच मला नंतर कळलं. म्हणजे त्या माणसांचा काही दोष नव्हता, सतरंजीचा नव्हता. दुखणं आपल्या पायांनी आलं होतं. त्याला मी तीन महिने रजईखाली दडवून ठेवलं, एवढंच.

आठ महिने कुंदा खाटेवर होती. पायाला दोरी, दोरीला विटा. सुया. आणि आता ऐका — ते आठ महिने तिच्याजवळ रात्री कोण बसलं? सासूबाई. मला हातसुद्धा लावू देत नसत. 'तू झोप,' म्हणायच्या. साठी उलटलेली बाई रात्ररात्र तिचा दुसरा, मोकळा पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची आणि कसल्या कसल्या राजा-राणीच्या गोष्टी सांगायची. जिनं वर्षभर उचललं नव्हतं तीच बाई. सांगा आता मला, पहिलं खोटं मी परत घ्यावं का? घेतलं तर त्या रात्री कुणाच्या मांडीवर गेल्या असत्या? मी याचा खूप विचार केला आहे. तुम्हीही करा, आणि तुमचं उत्तर तुमच्याजवळ ठेवा.

कुंदा उठली तेव्हा उजवा पाय दीड इंचानं आखूड होता. तसाच राहिला. तीन स्थळं आली आणि चालताना बघून परत गेली. चौथं तिनं येऊ दिलं नाही. शिकली, मास्तरीण झाली, लंगडत लंगडत पस्तीस वर्षं शाळेत गेली. पोरं तिच्यावर जीव टाकायची. यांच्या निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि आम्ही दीक्षितपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. हे गेल्यापासून तिथे आम्ही दोघीच आहोत. लोक अजून येतात. आता पेट्या उचलणारे नाहीत, कुणी दुकानदार, कुणी मोटारसायकलवरून पडलेला पोरगा. कुंदा त्याच आखूड पायानं तीनदा स्पर्श करते. कुणी विचारलं, दीदी, पैर को क्या हुआ था, तर हसून सांगते, लढाईत गेला. लहान होते, सगळ्या कारखान्याचं दुखणं घेतलं, थोडं आतच राहिलं. हे ती गमतीनं सांगते असं ऐकणाऱ्याला वाटतं. मला माहीत आहे की ती गंमत नाही. ती खरंच तसं मानते. त्या पायाचं तिच्याकडे एक कारण आहे, आणि ते चांगलं कारण आहे.

मी ते काढून घेऊ का? काढून घेतलं तर तिच्याकडे काय राहतं — एक आजार, जो वेळेवर दाखवला नाही, आणि एक आई? मी नाही काढून घेणार. याला भ्याडपणा म्हणा, मी नाही म्हणणार नाही. पण कुणी मला म्हणू नये की खरं सांग म्हणजे तुझं ओझं उतरेल. माझं ओझं उतरवण्यासाठी तिच्या अंगावर टाकायचं? तेच तर मी एकदा केलेलं आहे.

मागच्या महिन्यात वरच्या फळीवरचा डबा काढताना मला उसण भरली. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं फळीवर हात घालू नये, पण घातला. कुंदानं मला चटईवर पालथं निजवलं, भिंतीला हात टेकला, आणि पाय लावला. एकदा, दोनदा, तीनदा. तळवा गरम होता. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला तो पहिल्यांदाच लागला.

"उतरली?" तिनं विचारलं.

काहीही उतरलं नव्हतं. श्वास घ्यायला त्रास होत होता. मी म्हटलं, "उतरली."

रात्री जाग आली तेव्हा तिच्या खाटेकडून आवाज येत होता, तळहातानं कातडी चोळल्याचा. मी भिंतीला धरून उठले. दिवा लावला. ती उजवा पाय लांब करून बसली होती. मी तिच्याजवळ बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि तेल लावायला लागले. साठीची बाई, पण पोटरी अजून बारीक आहे, त्या पायाची कधी भरलीच नाही.

कुंदा हसली. म्हणाली, "हे तुझं आहे हं आई. तुझं दुखणं आलंय माझ्यात."

मी हो म्हटलं. त्या पायाबद्दल मी तिच्याशी खरं बोलले ते एवढं एकदाच.